छोट्या गावात फॅमिली डॉक्टर म्हणून एकटं बसताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: फॅमिली मेडिसिनचं शिक्षण नुकतंच संपवलेल्या एक डॉक्टर छोट्या गावात स्वतःचा दवाखाना सुरू करत आहेत. आतापर्यंतचं सगळं काम मोठ्या रुग्णालयात झालं. तिथे स्कॅन, प्रयोगशाळा, वरिष्ठ डॉक्टर सगळं हाकेच्या अंतरावर होतं. आता त्या एकट्याच असतील. एखादा गंभीर आजार नजरेतून सुटला तर काय, तपासण्या किती कराव्यात आणि अख्खं गाव ओळखीचं असताना काम कसं करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टर, तुमची भीती रास्त आहे. पण ती ज्या अनुभवातून आली आहे तो रुग्णालयाचा आहे, आणि रुग्णालयात दिसणारे आजार गावातल्या आजारांचा नमुना नसतात. 1961 साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात त्यांतल्या सुमारे 750 जणांना काही ना काही दुखणं होतं, 250 जण डॉक्टरकडे जातात, 9 जण रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो फक्त 1. आपण वैद्यक शिकतो ते त्या एका माणसाकडून. तुमच्या दारात येणार आहेत ते 250. चाळीस वर्षांनी हा हिशोब नव्याने केला तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं.

याचा रोजच्या कामावर होणारा परिणाम आकड्यांतच पाहा. समजा एक आजार शंभरात एकाला आहे, आणि त्याची तपासणी आजारी माणसाला 95 टक्के वेळा आजारी आणि निरोगी माणसाला 95 टक्के वेळा निरोगी दाखवते. ऐकायला उत्तम तपासणी. दहा हजार लोकांवर ती केली तर 100 आजारी माणसांपैकी 95 जण पॉझिटिव्ह येतील आणि 9,900 निरोगी माणसांपैकी 495 जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 590 पैकी खरे आजारी 95, साधारण सहांत एक. रुग्णालयात हीच तपासणी विश्वासाची वाटते, कारण तिथे पोचलेली माणसं आधीच गाळून आलेली असतात. दवाखान्यात सरसकट तपासण्यांचं पाकीट लिहून दिलंत तर निरोगी माणसांच्या हातात लाल अक्षरातले रिपोर्ट पडतील, त्यातून पुढच्या तपासण्या निघतील, आणि ज्याला खरोखर तपासायला हवं होतं त्याच्यासाठी तुमच्याकडे वेळ उरणार नाही. प्रत्येक तपासणीआधी स्वतःला विचारा: रिपोर्ट काहीही आला तरी माझा पुढचा निर्णय तोच राहणार आहे का? तसं असेल तर ती लिहू नका.

मग निदान कशाच्या जोरावर करायचं? बरंचसं पेशंटच्या बोलण्यावर. 1975 मध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागातल्या 80 नव्या रुग्णांचा अभ्यास केला होता. त्यांतल्या 66 जणांचं अखेरचं निदान केवळ रेफरची चिठ्ठी वाचून आणि हकिगत ऐकून झालेल्या निदानाशी जुळलं. तुम्ही म्हणाल, इतकं ऐकायला वेळ कुठे आहे? स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे डॉक्टरांना मध्ये न बोलता ऐकायला सांगून वेळ मोजला गेला. रुग्ण सरासरी 92 सेकंद बोलले, आणि चारांतल्या तिघांहून अधिक जणांचं दोन मिनिटांच्या आत बोलून झालं. दोन मिनिटं गप्प राहणं प्रत्येक दवाखान्याला परवडतं. पेन खाली ठेवा, स्क्रीनकडे पाहू नका आणि त्याला संपवू द्या. अनेकांचं खरं कारण दुसरं किंवा तिसरं येतं. खोकल्यासाठी आलेला माणूस उठता उठता छातीतल्या दडपणाबद्दल बोलतो. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्यावं: ‘याशिवाय आणखी काही सांगायचं आहे का?’ उत्तर आल्यावर पुन्हा एकदा तेच विचारावं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रुग्णालयात नसलेलं एक साधन तुमच्याकडे आहे, ते म्हणजे वेळ. समोरच्या दहा मिनिटांबद्दल मी बोलत नाही. तोच माणूस परवा येणार आहे, पुढच्या महिन्यात येणार आहे, दहा वर्षांनीही येणार आहे, त्या वेळेबद्दल बोलतोय. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप असतो. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून काय आहे ते सांगू लागतो. पोटदुखी सकाळी बेंबीभोवती असते आणि संध्याकाळी उजवीकडे खाली सरकते. दवाखाना असा उभा करा की माणसाला परत येणं सोपं जाईल आणि परत आल्यावर तुम्हाला तो आठवेल. बाकी बहुतेक सगळं यातून निघतं.

नॉर्वेत 2001 पासून प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे एक फॅमिली डॉक्टर नोंदलेला असतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून संशोधकांनी पाहिलं, की एकाच डॉक्टरकडे 15 वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना डॉक्टरशी पहिलंच वर्ष असलेल्यांशी केली तर तातडीने भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे पाव भागाने कमी होतं. अशा अभ्यासातून एकट्या नात्याचाच हा परिणाम आहे असं सिद्ध होत नाही, हे खरं. पण जितकी वर्षं जास्त तितका फरक जास्त, असा चढता क्रम दिसला होता. 2018 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या 22 अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यांतल्या 18 मध्ये डॉक्टर तोच राहिल्याने मृत्यू कमी झालेले दिसले. इतका फायदा दाखवणारं एखादं औषध असतं तर आपण ते प्रत्येकाला लिहिलं असतं.

तर या वेळेचा वापर शिस्तीने कसा करायचा? ‘बरं नाही वाटलं तर या’ एवढं सांगून भागत नाही. ब्रिटिश जनरल प्रॅक्टिशनर रॉजर नेबर यांनी 1987 मध्ये ‘सेफ्टी नेट’ची कल्पना मांडली. प्रत्येक पेशंट उठण्याआधी डॉक्टरने मनाशी तीन प्रश्न विचारायचे. माझं निदान बरोबर असेल तर पुढे काय घडेल? मी चुकतोय हे मला कशावरून कळेल? तसं झालं तर मी काय करेन? ही उत्तरं पेशंटला त्याच्या भाषेत सांगा आणि केसपेपरवर एका ओळीत लिहा.

दोन वर्षांच्या मुलाचा ताप घ्या. आईला सांगायचं ते असं: ‘ताप दोन-तीन दिवस राहील, अधूनमधून चढेल, औषधाने थोडा उतरेल. पण मूल पिणं बंद करतंय, उठवलं तरी गुंगीत राहतंय, श्वास जोरात घेतंय, बराच वेळ लघवी झाली नाही, हातपाय गार पडलेत, किंवा अंगावर दाबूनही न पुसट होणारे ठिपके आलेत, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असली तरी थांबू नका. यातलं काहीच नसलं आणि तरी तिसऱ्या दिवशी ताप असला तर सकाळी मला दाखवा.’ आणि हे बोलण्याआधी मुलाचा श्वास पूर्ण 60 सेकंद मोजा, शर्ट वर करून. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे भिंतीवर लावून ठेवा. आईच्या शंकेला वजन द्या. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ असं ती म्हणाली की मी नव्याने तपासायला घेतो, कारण तिच्याकडे तुलनेसाठी रोजचं मूल आहे आणि माझ्याकडे नाही.

खोकल्यावर अँटिबायोटिक मागणाऱ्यांबद्दलही याच अंगाने विचार करा. साध्या श्वसनसंसर्गानंतरचा खोकला सरासरी 18 दिवस टिकतो. लोकांना मात्र तो आठवड्याभरात जायला हवा असं वाटतं. आठव्या दिवशी ते येतात, अँटिबायोटिक घेतात, खोकला आपल्या गतीने जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. पुढच्या वेळी ते तीच गोळी नाव घेऊन मागतात. हे चक्र पहिल्याच भेटीत तोडता येतं. ‘हा खोकला अडीच आठवडे राहू शकतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. मात्र दम लागला, थुंकीतून रक्त आलं, ताप उतरून पुन्हा चढला किंवा तीन आठवडे झाले तर मला भेटा.’ आधी सांगितलेला अंदाज खरा ठरला की विश्वास बसतो. नंतर दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं ऐकू येतं. आणि बहुतेक वेळा माणसाला गोळीपेक्षा ‘छाती साफ आहे’ हे ऐकायचं असतं. स्टेथोस्कोप नीट लावा आणि काय ऐकू आलं ते मोठ्याने सांगा.

हे सगळं परत येण्यावर अवलंबून आहे, म्हणून तो रस्ता मोकळा ठेवणं हे तुमचं काम. रोज थोडा वेळ आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. रिसेप्शनवरच्या माणसाला शिकवा की ‘डॉक्टरांनी परत यायला सांगितलंय’ असं म्हणणाऱ्याला परतवायचं नाही, आणि छातीत दुखतंय, धाप लागली, तोंड वाकडं झालंय, मूल निपचित आहे, यातला कुठलाही शब्द कानावर पडला तर रांग बाजूला ठेवून आत यायचं. दवाखान्यातलं पहिलं निदान त्या टेबलावर होतं. तिथे बसणाऱ्याला दर महिन्याला अर्धा तास द्या. हा तुमचा सर्वांत मोलाचा अर्धा तास असेल.

आठवण ठेवण्याचं काम नोंदींचं. केसपेपर हाताने लिहा की कॉम्प्युटरवर, पण प्रत्येकाच्या पहिल्या पानावर चालू आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरात कोणकोण आहे हे दिसलं पाहिजे. अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 मध्ये नोंदी आजारांच्या यादीभोवती बांधायची पद्धत मांडली, ती आजही एकट्या डॉक्टरला तारते. त्यात मी एक भर घालतो: ‘वाट पाहतोय’ अशी एक वेगळी वही. कोणाचा रिपोर्ट यायचा आहे, कोणाला कुठे पाठवलं आणि ते गेले का, कोणाची गाठ सहा आठवड्यांनी पुन्हा बघायची आहे. दर आठवड्याला ती वही उघडून फोन करायचे. गंभीर आजार निसटण्याची जी भीती तुम्हाला वाटते, त्यातला मोठा भाग इथे आहे. डॉक्टरला कर्करोगाची शंकाच आली नाही असं घडतं, पण शंका आली, चिठ्ठी दिली आणि माणूस गेलाच नाही असंही घडतं. ‘काही कळवलं नाही म्हणजे रिपोर्ट चांगला’ ही पद्धत तुमच्या दवाखान्यात असू देऊ नका.

गावाची ओळख हीसुद्धा एक नोंदवही असते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या वेन्स्लीडेल खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर होते. 1929 च्या काविळीच्या साथीत कोण कोणाला कुठे भेटलं हे त्यांनी घरोघरीच्या ओळखीवरून जुळवलं आणि लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत सुमारे महिना जातो हे दाखवलं. मोठ्या शहरात हे धागे सापडणं फार कठीण होतं. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी आजारी लोकांची वाट पाहिली नाही. त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजलं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि अकाली मृत्यू शेजारच्या गावापेक्षा कमी झाले. ज्यांना उपचारांची सर्वाधिक गरज असते त्यांनाच चांगले उपचार सर्वांत कमी मिळतात, हे 1971 मध्ये लिहिणारे तेच. तुमच्या दारात कोण येतंय यापेक्षा कोण येत नाहीये, ही यादी अधूनमधून करून बघा.

बीपीचा विषय निघालाच आहे तर: ते नीट मोजा. पाच मिनिटं शांत बसलेला माणूस, पाठीला आधार, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकलेले, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, योग्य मापाचा कफ (दंडावर बांधायचा पट्टा), आणि मोजताना दोघांचंही बोलणं बंद. जाड दंडावर लहान कफ बांधला की आकडा उगाच वाढतो, आणि त्या आकड्यावर माणूस आयुष्यभर गोळी घेत राहतो. शंका असेल तर घरी मोजायला सांगा. दवाखान्यात 140/90 ही सीमा धरतात, घरच्या सरासरीला 135/85.

वयस्क माणसांच्या बाबतीत वर्षातून एकदा सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगा, दुसऱ्यांनी दिलेली आणि स्वतःच्या मनाने घेतलेलीही. बीपीच्या अम्लोडिपिनने पाय सुजतात, सूज उतरवायला लघवीची गोळी सुरू होते, तिने चक्कर येते, चक्करीची तिसरी गोळी येते. अशा साखळीतला पहिला दुवा काढणं हे फॅमिली डॉक्टरचंच काम, कारण ती साखळी पूर्ण दिसते ती त्यालाच. बीपीसाठी रामिप्रिलसारखी गोळी, सोबत लघवीची गोळी, आणि त्यावर गुडघ्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी, हे त्रिकूट मूत्रपिंड बिघडवू शकतं, विशेषतः जुलाब-उलट्यांच्या दिवसांत.

एकटं असताना अचानक आलेल्या संकटाची तयारी औषधांच्या कपाटात आणि हातांच्या सवयीत असावी लागते. ॲड्रेनॅलिन टेबलाच्या हाताला लागेल असं, कुलपात नाही. प्रौढाला तीव्र ॲलर्जीत 1:1000 चं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असेल आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम चावून खायला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, ग्लुकोज, ईसीजी. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, आणि तो साधा आला म्हणून झटका नाही असं धरायचं नाही. दर तीन महिन्यांनी सगळ्या स्टाफसह याचा सराव करा. लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत, तापमानाची नोंद दिवसातून दोनदा.

रेफर करणं म्हणजे हार मानणं असं कुणी मनात भरवलं असेल तर ते काढून टाका. उलट, चांगली चिठ्ठी हे तुमचं कौशल्य आहे: काय विचारायचं आहे, आतापर्यंत काय पाहिलं, कोणती औषधं चालू आहेत, या माणसाला कशाची भीती वाटते. कंबरदुखीच्या शंभर जणांत बहुतेक चालते-फिरते ठेवून बरे होतील, पण लघवी अडणं, जांघेत बधिरपणा, दोन्ही पायांत कमजोरी हे कानावर आलं तर त्याच दिवशी पाठवा. एकाच न सुटणाऱ्या तक्रारीसाठी माणूस तिसऱ्यांदा आला तर पहिलं निदान पुसून कोऱ्या कागदावर सुरुवात करा, किंवा दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ओळखीचा हाच धोका असतो. जुना पेशंट समोर बसला की आपण त्याला बघत नाही, आपल्या आठवणीतल्या त्याला बघतो. हळूहळू घटणारं वजन, वाढणारा फिकेपणा नवख्या डॉक्टरला दारातच दिसतो. म्हणून वजन काट्यावर घ्या आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा.

शेवटचा प्रश्न ओळखीच्या गावाचा. इथे गुप्तता नियमांच्या पुस्तकापेक्षा भिंती आणि दारांवर जास्त अवलंबून असते. तपासणीच्या खोलीतलं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू येत असेल तर आधी ते दुरुस्त करा. मग फर्निचर घ्या. नाव न घेता सांगितलेला किस्साही छोट्या गावात लगेच ओळखला जातो, म्हणून किस्से सांगूच नका, घरीसुद्धा. नवरा-बायको दोघंही तुमचे पेशंट असतात आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्यासमोर तुम्हाला ठाऊक नसतं, हे पक्कं ठेवा. किशोरवयीन मूल आईबरोबर आलं तर काही मिनिटं त्याला एकट्याने भेटायची पद्धत सगळ्यांसाठीच ठेवा. सगळ्यांसाठी असली की कुणाला वेगळी वाटत नाही. एखाद्या बाईच्या अंगावरच्या खुणा आणि सांगितलेलं कारण जुळत नसेल, सोबतचा माणूसच सगळी उत्तरं देत असेल, तर तपासणीच्या निमित्ताने त्या बाईला एकटीला बोलतं करा.

रस्त्यात कुणी रिपोर्ट पुढे केला तर ‘हे मला नीट बघायचंय, उद्या दवाखान्यात या’ एवढंच सांगा. चालता चालता दिलेल्या सल्ल्याची नोंद राहत नाही, आणि तपासल्याशिवाय दिलेला दिलासा खोटा निघू शकतो. नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका.

आणि सुट्टी. सुरुवातीच्या वर्षात ती घेता येणार नाही असं वाटतं, पण गावाला पहिल्या महिन्यापासूनच कळू द्या की आठवड्यातला अमुक दिवस आणि अमुक वेळेनंतर डॉक्टर उपलब्ध नाहीत, त्या वेळी कुठे जायचं ते दारावर ठळक लिहिलेलं आहे. नंतर ही सवय लावणं फार जड जातं. जवळच्या गावातल्या एक-दोन डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा: एकमेकांचे पेशंट सुट्टीत बघायचे, केसपेपरची प्रत पाठवायची, आणि महिन्यातून एकदा बसून अडलेल्या केसेस बोलायच्या. दवाखान्याची पाटी लावण्याआधी हे दोन फोन करा.